घराला तीट

घरपट्टीवाला आला की करंजपुरातले घरधनी नेमके अंघोळीला गेलेले असत. दुपारी गेलं तरी अंघोळच चाललेली. कुणी परगावी असे, कुणाला ऐकू येत नसे, आणि बाजारातल्या एका दुकानदाराचे वडील तर दर मार्चमध्ये अत्यवस्थ व्हायचे आणि एप्रिल लागला की खडखडीत बरे व्हायचे. नगरपरिषदेचे वसुली लिपिक उद्धव काळमेघ यांची निम्मी नोकरी बंद दारांच्या कड्या वाजवण्यात गेली. उरलेल्या नोकरीत त्यांना जो काही मान मिळाला, तो गावाच्या पूर्वेला, जुन्या गिट्टीखदानीच्या काठावरच्या खदानवस्तीत.

तिथं त्यांची वाट पाहिली जायची. उतारावर त्यांची मोटारसायकल दिसली की नंदा डोंगरदिवे चहाचं आधण ठेवायची आणि ते टेकायच्या आत पैसे त्यांच्यापुढे करायची.

"भाऊ, यंदा उशीर केला तुमी. मले वाटलं इसरले आमाले."

"कसा इसरन? साऱ्या गावात एवढा चांगला चहा कोन देते मले?"

काळमेघ हसायचे, पण पैसे घेताना मात्र त्यांचा चेहरा गंभीर व्हायचा. या बाईला आपण काय देतो आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

वस्ती सरकारी जमिनीवर होती. खदान चालू होती तेव्हा गिट्टी फोडायला आलेली माणसं तिच्या काठी राहिली. पुढे खदान बंद पडली, तिच्यात पाणी साठलं, आणि माणसं तिथंच राहून गेली. कुणाकडे सातबारा नाही की खरेदीखत नाही. 'तुम्ही इथं राहता' असं सरकारच्या तोंडून वदवणारा कागद एकच होता, तो म्हणजे घरपट्टीची पावती. ती दाखवली की पोरांना शाळेत दाखला, नळाला जोडणी आणि रेशनकार्डावर पत्ता. बाकी गावाला ती पावती म्हणजे भुर्दंड होता. खदानवस्तीत ती प्लास्टिकमध्ये मढवून ठेवायची वस्तू होती. नंदाच्या घरी सगळ्या पावत्या बाबासाहेबांच्या तसबिरीमागे जपून ठेवलेल्या असत.

पहिली पावती तिनं भांडून मिळवली होती. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा घराची कुठंच नोंद नव्हती. प्रणाली जन्मली, आणि ओल्या बाळंतिणीनं त्या पोरीला मांडीवर घेऊन नगरपरिषदेच्या पायऱ्यांवर ठाण मांडलं. 'घर मोजा' एवढंच ती म्हणायची. शेवटी साहेब वैतागले आणि त्यांनी नव्यानं लागलेल्या एका लिपिकाला फीत देऊन पाठवलं. ते काळमेघ. फितीचं दुसरं टोक धरायला माणूस नव्हता, म्हणून ते नंदानंच धरलं. तेव्हापासून ते तिचे भाऊ झाले.

मग सूर्यचुना आला.

तो आला तेव्हा लोकांना खरा वाटेना. भिंतीला चुना फासायचा आणि तिच्यातून वीज काढायची, हे ऐकायलाच थट्टेचं वाटत होतं. पण त्यामागचं शास्त्र तसं अवघड नव्हतं. काही जातीच्या स्फटिकांवर ऊन पडलं की त्यांच्यातले इलेक्ट्रॉन जागचे उठतात. उठलेल्या इलेक्ट्रॉनांना वाट करून दिली की तीच वीज. काचेच्या जुन्या पॅनेलांमध्येही हेच व्हायचं, पण त्यांना सिलिकॉनच्या चकत्या लागत, भट्ट्या लागत. नवे स्फटिक पिठासारखे बारीक होते आणि कालवून ब्रशनं फासता येत होते. त्यांची एकच खोड होती, ओल लागली की मरायचे. कुणा हुशार माणसांनी त्या प्रत्येक कणाला चुनखडीचा पातळ अंगरखा चढवला आणि ती खोड मोडली. भिंतीला आधी कार्बनचा काळा हात द्यायचा, त्यात तांब्याच्या तारांची बारीक जाळी बसवायची, वरून पांढरा सूर्यचुना लावायचा. झालं. कोपऱ्यातून दोन पट्ट्या निघून घरातल्या पेटीत जायच्या आणि पेटीतून पंखा, दिवा, कूलर. जाळीचे चौकोन सुटेसुटे असत, त्यामुळे भिंतीचा एखादा तुकडा खराब झाला तरी बाकीची भिंत आपलं काम करत राहायची.

लोकांनी तो लावावा म्हणून राज्यानं नगरपरिषदांना मुभा दिली, की सौर उपकरणांना घरपट्टीतून वगळायचं असेल तर वगळा. करंजपूरच्या नगरपरिषदेनं सर्वांत आधी ठराव केला आणि टाळ्या वाजवल्या. ठरावात लिहिलं होतं, 'मालमत्तेचा जो भाग सौर उपकरणाने व्यापला असेल, तो करआकारणीतून वगळण्यात यावा.' सभागृहातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे तेव्हा गच्चीवरचं पॅनेल होतं. भिंत हेच उपकरण होऊन बसेल हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि ते न येण्यात कुणाचा काही वाईट हेतूही नव्हता.

काळमेघ स्वतः वस्तीत येऊन ही बातमी सांगून गेले.

"चुना फुकट भेटून रायला, नंदा. बचत गटाच्या बायाच येऊन लावून देतीन. वरून घरपट्टी माफ. लाव बिनघोर."

"माफ म्हंजे? पैसे नाई भरा लागत?"

"एक रुपया नाई."

नंदानं वळून घरातल्या तसबिरीकडे पाहिलं. "आन् पावती?"

काळमेघ मोकळेपणानं हसले. "कर नाई तं पावती कायची? आता माह्या हातून सुटका झाली म्हन तुही."

तिला ते ऐकून बरं वाटलं नाही, पण का ते तिला सांगता येईना. आणि सूर्यचुना लागल्यावर तर त्या शंकेला जागाच उरली नाही. वऱ्हाडातला उन्हाळा म्हणजे घरात बसून भाजून निघायचं. तिचं घर एका खोलीचं, चार भिंती आणि वर टिनाचं छप्पर. सगळ्याला पांढराशुभ्र हात बसला आणि त्याच मेल्या उन्हावर घरात कूलर फिरायला लागला. तिचा नवरा शालिक रस्त्याच्या डांबरकामावर होता. दिवसभर डांबराच्या धगीत उभा राहून तो घरी आला, कूलरपुढं बसला आणि डोळे मिटून म्हणाला, "हे आधी काहून नाई झालं?"

त्याच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या. नंदानं ते पाहिलं आणि पावतीचा विषय मनातून काढून टाकला.

*

दोन उन्हाळे सुखात गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात प्रणाली बाळंतपणाला माहेरी आली.

मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच झाली, आणि हातात घेतली तर टॉवेलच जड लागावा एवढी हलकी. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी प्रणालीला बजावून सांगितलं, की हिला उष्णता सोसायची नाही, खोली गार ठेवा, एक दुपारही हयगय नको. प्रणालीनं ते मनावर कोरून घेतलं. कूलरची घरघर जरा बदलली तरी ती दचकायची.

त्याच आठवड्यात बाह्यवळण रस्त्याचे लोक आले. रस्ता खदानीच्या काठानं जाणार होता, म्हणजे वस्तीतून. वस्तीनं त्याची फारशी धास्ती घेतली नव्हती, कारण ज्यांची घरं जातील त्यांना पलीकडच्या माळावर प्लॉट मिळणार हे जाहीर झालं होतं. प्लॉट, तोही नावानं! नंदानं तर मनातल्या मनात तिथं कढीपत्त्याचं झाडही लावून टाकलं होतं.

मोजणीवाला पोरगेलासा माणूस होता, घामानं निथळत होता. नंदानं त्याला पाणी दिलं. त्यानं टॅबवर नकाशा उघडला, बोटानं मागेपुढे केला आणि म्हणाला, "मावशी, इथं घर नाही."

"काय नाई?"

"घर. नकाशात या सगळ्या ओळीत सौर उपकरणं आहेत. उपकरण हलवायचा खर्च मिळेल, पण तो सूर्यचुन्याच्या योजनेला जाईल. प्लॉट घराला असतो."

"मंग आमी काय उपकरनात राह्यतो का?"

तो वाईट माणूस नव्हता. त्यानं टॅब तिच्यापुढे धरला. करंजपुरातल्या इतर वाड्यावस्त्यांवर छोटे छोटे चौकोन होते आणि त्यांत घरांचे क्रमांक. खदानवस्तीच्या जागी नुसता एक पिवळा पट्टा होता. "यंदाच्या घरपट्टीच्या नोंदीत नाव पाहिजे. जुन्या पावत्या चालतात, पण त्यांना जोडून चालू नोंद लागते. प्लॉटांची यादी बंद व्हायला अजून वेळ आहे, नगरपरिषदेत विचारून बघा," असं म्हणून तो पुढच्या दाराकडे वळला आणि तिथंही त्याला तेच सांगावं लागलं.

नंदानं तसबिरीमागून पावत्या काढल्या. त्या सगळ्या तिथं होत्या, चुना लागला त्या वर्षापर्यंतच्या. नंतरची एकही नव्हती.

*

नगरपरिषदेत काळमेघ तिला थेट मुख्याधिकाऱ्यांकडे घेऊन गेले. चालताना ते तिच्याकडे बघत नव्हते. "मीच बोल्लो होतो तुले, लाव म्हनून," एवढंच ते जिन्यात पुटपुटले. नंदाला त्यांचा राग आला होता, पण त्यांचा पडलेला चेहरा पाहून तिनं तो गिळला.

मुख्याधिकारी अदिती केळुसकर कोकणातल्या. करंजपूरच्या उन्हाळ्याला त्या अजून सरावल्या नव्हत्या आणि टेबलावर ओल्या रुमालाची घडी ठेवून बसत.

"तुम्हांला कर लावून हवाय?" त्यांनी पुन्हा विचारलं, कारण पहिल्यांदा त्यांना आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं.

"हो. सूट घ्या तुमची वापस. मले घरपट्टी लावा."

"या खुर्चीत बसल्यापासून अशी मागणी घेऊन आलेल्या तुम्ही पहिल्याच." त्या हसल्या, पण पडद्यावर नोंद पाहताना त्यांचं हसू मावळलं. "सूट सोडायचा अर्ज मालमत्ताधारकानं करायचा असतो. आणि तुमच्या नावावर मालमत्ता नाही."

"सूट हाय म्हनून नाई. आन् नाई म्हनून सूट सोडता येत नाई?"

"हो," केळुसकर बाई कसनुशा झाल्या. "मलाही हे आत्ताच कळतंय."

पडद्यावरच्या नोंदी चाळत त्यांनी सांगितलं, ते असं. काळमेघांची फीत जाऊन आता उडती मोजणी आली होती. सूर्यचुन्यातले सगळेच उठलेले इलेक्ट्रॉन वाटेला लागत नाहीत. काही परत जागेवर बसतात, आणि बसताना अगदी मंद प्रकाश सोडतात. माणसाच्या डोळ्याला तो दिसत नाही, पण ड्रोनच्या कॅमेऱ्याला दिसतो. जे चमकतं ते उपकरण, न चमकणारं ते घर, असा प्रोग्रामचा साधा हिशेब होता. बंगलेवाल्यांनी कितीही चुना फासला तरी त्यांच्या फरशा, काचा, पोर्च, जिने असं काहीबाही उरायचंच. त्यांची घरपट्टी कमी झाली, पण नोंद राहिली. खदानवस्तीतल्या घरांना चार भिंती आणि छप्पर याखेरीज दुसरं काही नव्हतंच. ती नखशिखांत चमकली. उरली फक्त दारं, आणि दाराएवढ्या किंवा त्याहून लहान तुकड्याला प्रोग्राम किरकोळ समजून सोडून द्यायचा. ज्यांच्याकडे सगळ्यांत कमी होतं, तेवढेच नकाशावरून पुरते पुसले गेले.

"मॅडम, शून्य रुपयांची पावती देऊन टाका ना," काळमेघ म्हणाले.

"प्रोग्राम शून्याची पावती काढत नाही. मी वर लिहिते, आजच लिहिते. पण उत्तर येईपर्यंत यादी बंद झालेली असेल." त्यांनी रुमाल कपाळाला लावला. "माझ्या अधिकारात एकच गोष्ट आहे. यादी बंद व्हायच्या आधी मी वस्तीवर एकदा पुन्हा ड्रोन पाठवू शकते. त्याला जे दिसेल ते मान्य. मला दुसरं काही करता येणार नाही, ताई. खरंच येणार नाही."

नंदा उठली. "त्याले घर दिसलं पायजे, एवढंच ना?"

*

घरी येऊन तिनं पदर खोचला, स्वयंपाकातलं लोखंडी उलथणं घेतलं आणि दाराशेजारची भिंत खरवडायला घेतली. चुना चिवट होता. तो निघाला की खालचा काळा हात दिसायचा. ताटाएवढी जागा उघडी झाली तेव्हा प्रणाली बाहेर आली.

"आई! काय करून रायली तू?"

"चुना काढतो सारा. घर दिसलं पायजे त्याईले. दाराएवढं दिसलं तं सोडून देते थे यंत्र."

"आन् कूलर?"

नंदा थांबली नाही. प्रणालीनं तिचा हात धरला. बाळंतिणीच्या हातात जोर तो किती असणार, पण त्या क्षणी तो नंदाला हलवता आला नाही.

"डॉक्टरनं काय सांगतलं, आयकलं ना तू? एक दुपार बी नाई. हिले काई झालं तं तुह्या प्लॉटाले मी काय चाटू?"

"प्लॉट नाई भेटला तं उद्या हिले घेऊन कुठी बसशीन? रस्त्यावर? तिथी देईन का कोनी कूलर?"

"ते उद्याचं हाय. हे आजचं हाय."

"तुले मांडीवर घेऊन बसली होती मी पायऱ्यावर!" नंदाचा आवाज फाटला. "उन्हातच बसली होती. तू बी एवढीशीच होती. एका पावतीसाठी. आता ते माहं नावच पुसलं त्याईनं, आन् मी पाह्यत बसू?"

"मी जगली म्हनून बोलून रायली तू," प्रणाली हळूच म्हणाली. "नसती जगली तं?"

ती आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. शालिक कामावरून येऊन बाजूलाच उभा होता. कुणाची बाजू घ्यावी हे त्या भल्या माणसाला कळेना, म्हणून त्यानं बायकोच्या हातातलं उलथणं तेवढं काढून घेतलं आणि धुवून जागेवर ठेवलं. नंदा त्या काळ्या डागाखाली बसली आणि रडली. पोरीचं म्हणणं खरं होतं आणि तिचं स्वतःचंही खोटं नव्हतं, याचंच तिला जास्त रडू येत होतं.

*

दुसऱ्या दिवशी मायलेकी बोलत नव्हत्या. कामं मात्र चुकली नाहीत. नंदानं पाणी कोमट केलं, बाळाला पायांवर घेऊन तेल लावलं, न्हाऊ घातलं, धुरी दिली. कूलर कालच्यासारखाच फिरत होता. बाळ न्हाऊन पेंगुळलं. नंदानं घरच्या काजळाची डबी उघडली, करंगळीचं टोक बुडवलं आणि गालावर तीट लावली. नाजूक लावली, पोरगी नाजूक म्हणून.

प्रणाली खाटेवरून बघत होती. न बोलण्याचा तिचा निश्चय पक्का होता, पण हे तिला राहवेना.

"मोठी लाव. एवढी बारीक कोनाले दिसते?"

नंदानं पुन्हा डबीत बोट बुडवलं आणि तीट चांगली ठळक केली. दुधाळ गालावर काळीभोर टिकली उठून दिसायला लागली. बघणाऱ्याची नजर आधी तिच्यावरच जावी. नंदा ती बघत राहिली. मग तिनं मान वळवून उघड्या दारातून बाहेर, पांढऱ्या भिंतीवरच्या त्या काळ्या डागाकडे पाहिलं. मग कूलरकडे.

"प्रणाली," ती सावकाश म्हणाली, "काल मी एवढा चुना काढला, तं कूलर कमी झाला का?"

"नाई."

"दाराएवढा काढला तं?"

प्रणाली उठून बसली. तिनं बाळाच्या गालाकडे पाहिलं, मग आईच्या नजरेचा माग काढत भिंतीकडे पाहिलं, आणि रुसवा विसरून म्हणाली, "दाराएवढी नाई चालन, आई. दाराहून मोठी पायजे."

"काळमेघभाऊले फोन लाव," नंदा म्हणाली.

काळमेघ आले ते जुनी फीत घेऊन. उडती मोजणी सुरू झाल्यापासून ती त्यांच्या टेबलाच्या खणात पडून होती. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं नंदानं. त्यांनी आधी दार मोजलं, मग भिंतीवर खडूनं आखलं, चारी बाजूंनी वीतभर जास्त. "उगाच कंजुषी नोको," ते म्हणाले. "थे पाह्यनारं यंत्र हाय, त्याले अंदाज नाई समजत." शालिकनं त्या आखलेल्या जागेतला चुना खरवडला आणि ओल शिरू नये म्हणून वरून डांबराचा हात दिला. डांबर त्यानं कामावरच्या रिकाम्या पिंपाच्या तळातून खरवडून आणलं होतं. ते त्याच बाह्यवळण रस्त्याचं होतं, आणि हे सांगताना तो गालातल्या गालात हसत होता.

पेटीवरचा काटा जरासा उतरला. कूलर फिरत राहिला. प्रणालीनं बराच वेळ त्याच्यापुढे हात धरून खात्री करून घेतली.

शेजारच्या मंगरूळवालीनं विचारलं, हे काय नवीन? नंदानं सांगितलं. मंगरूळवालीनं गालावर बोट ठेवलं आणि लगेच आपल्या घरासाठी डांबर मागितलं. मग तिथून पुढं सगळी वस्तीच कामाला लागली. कुणी दाराच्या डाव्या अंगाला तीट लावली, कुणी उजव्या. मंगरूळवालीनं तर सगळं मोजमाप सांभाळून तिला कुयरीचा आकार दिला. काळमेघ फीत घेऊन दारोदार फिरले, आणि त्या दिवशी त्यांना एवढा चहा प्यावा लागला की शेवटी त्यांनी हात जोडले.

*

पुनर्मोजणीला ड्रोन आला तो सकाळी, ऊन चांगलं तापल्यावर. स्फटिक तेव्हाच नीट चमकतात. केळुसकर बाई छत्री घेऊन स्वतः आल्या होत्या. त्यांनी उतारावरून वस्ती पाहिली, ओळीनं पांढरी घरं आणि प्रत्येकाच्या गालावर काळा ठिपका, आणि त्यांना सगळं लक्षात आलं. त्या काळमेघांना म्हणाल्या, "हे कुणी सुचवलं, ते मी विचारणार नाही."

"विचारा ना मॅडम. मायलेकींनी सुचवलं," काळमेघ अभिमानानं म्हणाले.

ड्रोन वस्तीवरून एकदा गेला, वळला, पुन्हा आला. नंदाच्या घरावर तो जरा जास्त थांबला असं तिला वाटलं. ती दारात उभी होती. आपण एवढी वर्षं या जागेवर जगलो, पोर वाढवली, तिचं लग्न केलं, आणि आता आपण इथं आहोत की नाही हे वर घोंघावणाऱ्या त्या टिकलीएवढ्या यंत्रानं ठरवायचं, या विचारानं तिला भीतीही वाटत होती आणि चीडही येत होती. आतून प्रणालीनं हाक मारली, "आई, सावलीत ये. तुले काई झालं तं मी एकटी काय करू?" तेव्हा ती आत गेली आणि लेकीशेजारी टेकली.

निकाल संध्याकाळी यायचा होता. सांज झाली तरी काळमेघांचा फोन लागेना. शालिक उतारावर जाऊन उभा राहिला. वस्तीतली माणसं उगाचच नंदाच्या अंगणात येऊन बसली होती.

मग मोटारसायकल दिसली. काळमेघ उतरले, हेल्मेट काढलं, आणि खांद्याच्या पिशवीतून पावती छापायचं हातातलं जुनं यंत्र बाहेर काढलं. ते पाहूनच मंगरूळवालीनं टाळी वाजवली. काळमेघांनी बटण दाबलं. यंत्र कुरकुरलं आणि कागदाची चिठोरी बाहेर आली.

"मोठ्यानं वाचा, भाऊ," नंदा म्हणाली.

काळमेघांनी चष्मा सारखा केला. "मालमत्ताधारक, नंदा शालिक डोंगरदिवे. खदानवस्ती. वापर, निवासी."

"ते शेवटचं काय बोल्ले?"

"निवासी."

"म्हंजे राहतं घर?"

"राहतं घर, नंदा. साऱ्या वस्तीची नावं लागतीन आता प्लॉटाच्या यादीत."

तिनं पदर डोळ्यांना लावला. काळमेघ घाईघाईनं पुढचं वाचू लागले. खाली यंत्रानं आपल्या शहाणपणानं एक सूचना छापली होती, 'आपली मालमत्ता संपूर्ण करमाफीपासून थोडक्यात वंचित आहे. उर्वरित भागास सूर्यचुना लावून घेण्यासाठी कार्यालयाशी संपर्क साधावा.'

अंगणात हशा पिकला. बाळ दचकून जागं झालं आणि रडायला लागलं, म्हणून प्रणालीनं सगळ्यांना दटावलं.

"त्या यंत्राले सांगा," नंदा हसत, रडत म्हणाली, "आमच्यात तीट पुसत नसतात."

तिनं आतून पैसे आणले. रक्कम इतकी किरकोळ होती की काळमेघांना ती घेताना संकोच वाटला. भिंतीच्या एका डागाची घरपट्टी ती केवढी असणार. "राहू दे, नंदा. माह्या हातून चूक झाली होती. यंदाचं मी भरतो," ते म्हणाले.

नंदाचा चेहरा एकदम करडा झाला. "भाऊ, नाव माहं हाय नं पावतीवर? मंग पैसे बी माहेच. घ्या. घेतल्याबिगर मी जाऊ देत नसतो तुमाले."

काळमेघांनी पैसे मोजून घेतले. नंदानं पावती तसबिरीमागं ठेवली आणि चहाचं आधण चढवलं.